फुंकरीचा फोड

४ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. इकडे ते कुणाला नको आहेत, त्यामुळे माझ्याकडे भरपूर उरलेत.

मी आजोबा झालो हे तुला कळलंच असेल. मुलगी झाली. एकाच वरच्या सुरात रडते, मधे श्वाससुद्धा घेत नाही, म्हणून मी तिला शिट्टी म्हणतो. हे रडणं मी ऐकलं ते दाराबाहेरून. आत मला घेतलंच नाही. आयुष्यभर शहराच्या बँडमध्ये ट्रंपेट फुंकला, मिरवणुकीत पुढे मी असलो की गाड्या थांबायच्या, आणि पोटच्या पोराच्या घरी मला चपला काढतात तिथे उभं केलं.

झालं असं. आदल्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. दोन पोरं ऐन वेळी आली नाहीत, त्यांचंही मीच वाजवलं. साहजिकच ओठाच्या कोपऱ्यात आपला फुंकरीचा फोड आला. बाबांना यायचा, मला येतो, मनापासून वाजवणाऱ्या प्रत्येकाला येतो. सूनबाईने दार उघडलं, माझ्या ओठाकडे पाहिलं आणि चौकटीवर हात आडवा टाकला. म्हणाली, बाबा, आज नको. मी म्हटलं, का, आज काय आजोबांना सुट्टी आहे? तर म्हणते, हा हर्पीजचा फोड आहे, बाळाजवळ चालणार नाही.

ठिणगे, तो शब्द मी घरी येऊन मोबाइलवर शोधला. पहिल्याच पानावर जे आलं ते मी तुला लिहू शकत नाही, तू धाकटी बहीण आहेस. तुझी वहिनी असताना आणि ती गेल्यावरही मी कधी कुणाकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. आणि या वयात सुनेनं माझ्या ओठावरून माझं चारित्र्य वाचलं. चिरंजीव तिच्या मागे उभे राहून छताच्या पंख्याची पाती मोजत होते. पाती तीन. इतका वेळ का लागत होता ते त्यांनाच ठाऊक.

शिट्टीसाठी नेलेली लोकरीची टोपी चपलांच्या कपाटावर ठेवली आणि जिना उतरलो. मला नातीचा एक पापा हवा आहे. बाकी कुणाचं काही नको.

फोन करू नकोस, माझ्या कानांचं तुला माहीत आहे. सूनबाईला एक पत्र लिही. तुझ्या पद्धतीने.

तुझा दादा


८ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. फोन करण्याचा प्रश्नच नाही. तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस.

तुझं पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की दुरुस्तीला आलेल्या क्लॅरिनेटचं बूच जरा जास्तच घासलं गेलं. गिऱ्हाइकाला सांगितलं की आवाज आता मोकळा येईल. मग बसले आणि सूनबाईला लिहिलं. तुझ्या पद्धतीने म्हणालास ना? मग घे. लिहिलं की, आम्हीही बाळं पाहिली आहेत, ती काचेच्या कपाटात ठेवायची भांडी नसतात. लिहिलं की, तुझ्या सासऱ्यानं चारचौघांत ओठ झिजवून तुझ्या नवऱ्याचं शिक्षण केलं, त्या ओठाला तू रोगाचं नाव देतेस? शेवटी असंही विचारलं की बाळाला उकळून घेतेस की नुसतं वाफवतेस. हे जरा जास्त झालं असेल. पण कागद संपत आला होता आणि राग शिल्लक होता.

फुंकरीचा फोड म्हणे हर्पीज. बाबा असते तर त्यांनी तिला घरी बोलावून अख्खा बँड उभा केला असता. एकाच माउथपीसवर सगळ्या पोरांना शिकवायचे. म्हणायचे, तोंड एक झालं की सूर एक होतो. ज्याच्या ओठाला फोड आला तो पास. मला मात्र एकदाही फुंकू दिलं नाही. मुलीचे ओठ खराब होतात म्हणून. मला काय मिळालं? फडकं. सगळ्यांनी वाजवून झालं की मी पुसायचं. आज त्याच फडक्यावर माझं दुकान चालतंय ही गोष्ट वेगळी, पण तुम्हा सगळ्यांना पदक आणि मला पुसणं, याचा राग अजून गेलेला नाही. फोड आजवर मला कधी आला नाही. आता वाटतं, निदान एखादा तरी यायला हवा होता.

तू पुढच्या आठवड्यात परत जा. ताठ मानेनं जा.

ठिणगी


१२ नोव्हेंबर

आदरणीय आत्या,

नमस्कार. तुम्ही पत्र पाठवलंत म्हणून मीही पत्रच लिहिते आहे. बाळाला मी उकळत नाही आणि वाफवतही नाही. धुते.

तुम्ही मला भरपूर ऐकवलंत. आता माझं ऐका. बाबांच्या चारित्र्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. मला त्यांच्या ओठाबद्दल म्हणायचं आहे. हा विषाणू जगातल्या बहुतेक माणसांच्या अंगात असतो. लहानपणी कुणीतरी लाडानं पापा घेतं, एखादा चमचा किंवा पेला सगळ्यांच्या तोंडाला लागतो, आणि तो येतो. मग गालाजवळच्या नसेच्या मुळाशी जाऊन झोपून राहतो, जन्मभर. जागरण झालं, ताप आला, कडक उन्हात उभं राहिलं, ओठ घासला गेला की उठतो आणि नसेवरून ओठावर येतो. मोठ्या माणसाला चार दिवस चुरचुरतं, मग खपली धरते. बाबांचा फोड फुंकल्यामुळे वर येत असेल, पण फुंकल्यामुळे जन्मला नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि तसं काही मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलंही नाही.

पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तो सोसत नाही. पहिले काही आठवडे त्याच्याकडे लढायला काही नसतं. आईला हा विषाणू आधी होऊन गेला असेल तर तिच्या रक्तातून बाळाला थोडं तरी संरक्षण मिळतं. माझ्या रक्तात तसं काही नाही, गरोदरपणात तपासलं होतं. म्हणजे माझ्या मुलीकडेही नाही. विषाणू मेंदूत गेला तर बाळ दूध ओढेनासं होतं, नुसतं झोपून राहतं, कधी ताप येतो तर कधी उलट अंग गार पडतं. कधी अंगावर पाण्याचे बारीक फोड दिसतात, कधी दिसतच नाहीत. मग झटके. औषध आहे, पण लगेच सुरू झालं तर. असं क्वचित होतं, हे मला कळतं. क्वचित म्हणजे कुणाच्या तरी घरी होतंच, हेही कळतं.

आणि एक गोष्ट बाबांनी तुम्हाला लिहिली नसावी. त्या दिवशी मी त्यांना मास्क दिला होता. म्हटलं, हात धुवा, लांब त्या खुर्चीत बसून पाहा, खपली पडली की मांडीवर घ्या. पापा तेवढा दोन-तीन महिने नको. त्यांनी मास्क टोपीत ठेवला आणि टोपी कपाटावर ठेवून गेले. हाकलून मी दिलं नाही. ते गेले.

आईला हाताशी धरून सगळं घर बाळाची काळजी करतं आणि आईनं स्वतः काळजी केली की ती शेफारलेली ठरते, हे काही मला पटत नाही. राग आला असेल तर येऊ द्या.

तुमची
सूनबाई


१५ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं. मग शटर ओढलं आणि बसून वाचलं. माझं पत्र फाडून टाक.

माझा एक मुलगा होता. तुला कुणी सांगितलं नसेल. आमच्याकडे त्याचा विषय निघाला की कुणीतरी चहा टाकायला उठतं. झाला तेव्हा चांगला गुटगुटीत होता, रडायचा पण मोजकं. दुसरा आठवडा लागला आणि दूध ओढेना. उठवलं तरी डोळे उघडेना. ताप नव्हता, अंग गार लागायचं. टाळूजवळ पाण्याचे दोन-तीन फोड होते. सासूबाई म्हणाल्या, घामोळं आहे. मग त्याची उजवी मूठ आपोआप उघडायला-मिटायला लागली. मला वाटलं, खेळायला लागला. मी त्या मुठीत बोट दिलं आणि हसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, की मी हसले.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला सूज. का आली ते त्यांना माहीत नव्हतं आणि तसं ते स्पष्ट म्हणालेही. एवढा एकच प्रामाणिक माणूस मला त्या दिवसांत भेटला. बाकी सगळ्यांना कारण माहीत होतं. कारण मी होते. माझं दूध. सासूबाईंनी माझं दूध वाटीत काढायला लावलं, गच्चीत उन्हात ठेवलं आणि संध्याकाळी भेटायला आलेल्या बायकांना दाखवलं, बघा कसं फाटलंय. उन्हात कुणाचंही दूध फाटतं गं. गाईचं फाटतं, त्यांचंही फाटलं असतं. पण त्या वेळी एकीलाही तसं म्हणावंसं वाटलं नाही, आणि मला सुचलं नाही. त्या वाटीसमोर मी मान खाली घालून बसले होते. पुढे वर्षभरात मी ते घर सोडलं, तेही सगळ्यांना बरोबरच वाटलं. नासक्या दुधाच्या बाईला कोण ठेवून घेणार?

आई मला न सांगता मेली, की तिचाही त्या वाटीवर विश्वास होता. मला कळलं होतं.

आता दुसरी गोष्ट, ती तुझ्यामाझ्यातच राहू दे. दादा तेव्हा पहिल्यांदा बँडच्या पुढे वाजवून आला होता. ओठाला हा एवढा फोड. घरात बाबांनी त्याचं कौतुक करून करून आम्हाला वीट आणला होता. कार्यक्रम संपवून तो थेट माझ्याकडे आला, युनिफॉर्मसुद्धा बदलला नव्हता. बाळाला घेतलं आणि टाळू, गाल, ओठ, कुठं म्हणून पापा घ्यायचं ठेवलं नाही. मी बघत होते आणि मला बरं वाटत होतं. माहेरचं कुणीतरी माझ्या पोराचे एवढे लाड करतंय म्हणून. आणि मी, जिला कधी फुंकू दिलं नाही, जिला कधी फोड आला नाही, माझ्याकडे त्याला देण्यासारखं काही नव्हतं. हे आत्ता तुझ्या पत्रातून कळतंय.

त्यानेच झालं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही, मला ठाऊक आहे. डॉक्टरांचे कागदही उरलेले नाहीत. पण ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनी एवढ्या खात्रीनं मला दोषी ठरवलं, तर एक शक्यता मलाही असू दे.

दादाला हे मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस. तुझा हात चौकटीवर आडवाच राहू दे. आम्ही कितीही बोललो तरी.

आत्या


१६ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,

आशीर्वाद, आणि या वेळी विजयाचे.

तू माझ्या बाजूने खंबीर उभी राहिलीस, त्याने मला बळ आलं. मी चिरंजीवांना त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाठलं. बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, बाबा, मलाही वाईट वाटतं. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, दार उघड. शेवटी ठरलं असं की येत्या रविवारी सूनबाई टाके दाखवायला दवाखान्यात जाईल, चिरंजीव बाळाजवळ थांबतील, तास-दीड तास लागेल. तेवढ्यात मी जायचं, नातीला घ्यायचं आणि ती यायच्या आत खाली उतरायचं. पापा घेणार आणि चांगला घेणार. एवढ्या मोठ्या बँडचा मास्तर स्वतःच्या नातीकडे चोरासारखा जाणार, याची लाज खरं तर त्या दोघांना वाटायला हवी.

शिट्टीसाठी एक छोटी धून बसवतो आहे. आवाज मऊ यावा म्हणून रोज सराव चाललाय, त्यामुळे तोच फोड पुन्हा डोकावतोय. अगदी बारीक. कुणाला दिसणारही नाही.

सूनबाईचं उत्तर आलं का? काय म्हणते?

दादा


१८ नोव्हेंबर, कुरियरने

दादा,

नमस्कार वगैरे नंतर.

तू जाणार नाहीस. मी तुला ताठ मानेनं जा म्हटलं होतं ना, ते मागे घेते. मी मूर्ख होते. वाचल्याशिवाय भांडले. आपल्या घरातली रीतच ती.

सूनबाईने मला सगळं नीट लिहिलं आहे. तुझ्या चारित्र्याला कुणीही हात लावलेला नाही, ते सुखरूप आहे. हा विषाणू निम्म्याहून जास्त जगाच्या नसांत झोपलेला आहे. तुझ्याकडे तो बहुधा बाबांच्या त्या एका माउथपीसमधून आला. बाबांकडे त्यांच्या मास्तरांकडून. आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची लाळ चाटली आणि त्याला परंपरा म्हटलं. मी दुकानात गिऱ्हाइकाचा माउथपीस साबणानं धुतल्याशिवाय हातात धरत नाही, आणि तू अजून बाबांसारखा एकाच माउथपीसवर पाच-सहा पोरांना शिकवतोस. उद्याच्या उद्या प्रत्येकाला वेगळा घ्यायला लाव. जमत नसेल तर मी पाठवते.

हे झालं मोठ्यांचं. बाळाचं वेगळं. एवढ्या लहान बाळाच्या मेंदूत हा विषाणू जाऊ शकतो. दूध ओढेनासं होतं, उठवलं तरी उठत नाही, अंग गार पडतं, झटके येतात. फोड बारीक असला म्हणून विषाणू बारीक नसतो. आणि तू मला लिहिलं नाहीस की तिनं तुला मास्क दिला होता, बसायला खुर्ची दाखवली होती. तो मास्क टोपीत घालून निघून आलास आणि मला लिहिलंस, हाकललं. तुझ्या रागावर मी माझा राग उधळला, तो फुकट गेला.

चिरंजीवाला मी फोन केला. तो म्हणाला, बघतो आत्या. आपल्या घरात ‘बघतो’ म्हणजे काय, ते मला माहीत आहे. त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत तुझ्याकडून जात नाही असा निरोप आला नाही, तर मी सूनबाईला फोन करून तुमच्या बेताचं सांगेन. मग बापलेक मिळून पंख्याची पाती मोजत बसा.

माझ्याकडे याहून मोठं कारण आहे. ते मी लिहिणार नाही. विचारू नकोस.

ठिणगी


२२ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,

तुझं पत्र मिळालं. निरोप मी शेजारच्या मुलीकडून पाठवला, तो तुला पोचला असेल. आधी मी खूप चिडलो. तू फितूर झालीस, असं एक पत्र लिहूनही ठेवलं होतं. चांगलं झालं होतं ते पत्र.

मग तुझंच पुन्हा वाचलं. दूध ओढेना, अंग गार. हे मी आधी कुठेतरी ऐकलंय असं वाटलं. बराच वेळ आठवेना. मग आठवलं, ते ऐकलेलं नव्हतं, मी पाहिलेलं होतं. तुझ्या सासरी, मधल्या खोलीत. मला दुसऱ्यांदा बोलावून घेतलं होतं तेव्हा.

रविवारी गेलो. चिरंजीवांनी दार उघडलं, मी आत गेलो नाही. जिन्यात बसून राहिलो. वरून शिट्टीचं रडणं ऐकू येत होतं. मला ऐकू येतं म्हणजे केवढ्यानं रडत असेल. सूनबाई दवाखान्यातून आली आणि मला पायरीवर बघून थांबली. तिला वाटलं, मी भांडायला आलोय. मी तिला विचारलं की आत्याच्या मुलाचं जे झालं, ते यानेच का? तिने पिशवी खाली ठेवली. माझ्या शेजारी, पण दोन पायऱ्या वर बसली. टाके दुखत होते, तरी बसली. शेवटी म्हणाली, आत्यांना विचारा.

म्हणजे तुम्ही दोघींनी यावर बोलून घेतलं आहे.

ठिणगे, सरळ विचारतो. त्या वेळी माझ्या ओठावर फोड होता का? मला काही केल्या आठवत नाही. युनिफॉर्म आठवतो. त्याची बटणं आठवतात. बाबांनी पाठीवर मारलेली थाप आठवते. ओठ आठवत नाही.

दादा


२५ नोव्हेंबर

ती. दादास,

शि. सा. नमस्कार. पुरता वाकून.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला मी तीनदा बसले. दोनदा ‘नव्हता’ असं लिहिलं आणि कागद फाडला. तू माझा भाऊ आहेस, तुझी झोप मला हवी आहे. पण माझ्याशी सगळ्यांनी आयुष्यभर खोटंच बोलून झालंय. काहींनी रागानं, काहींनी प्रेमानं. त्यात मी भर घालणार नाही.

होता.

त्यानेच झालं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. बाळाला भेटायला सगळी गल्ली आली होती आणि ओठ सगळ्यांनाच होते. पण तुझ्या ओठावर होता, आणि तुला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं. न कळण्याचा गुन्हा मी तुझ्यावर लावत नाही. ज्यांना काही कळत नव्हतं आणि तरी ज्यांनी माझं दूध उन्हात मांडलं, माझा राग त्यांच्यावर आहे. त्या सासूबाई गेल्या, त्या बायकाही बहुतेक गेल्या असतील. त्यामुळे हा राग मला आता कुठे पाठवायचा ते कळत नाही. पोस्टात टाकण्यासारखा पत्ताच उरला नाही.

इतकी वर्षं मी समजत होते की माझ्या अंगातच काहीतरी विष आहे. परवा दुकानात एकटी असताना मोठ्यांदा म्हटलं, माझं दूध चांगलं होतं. समोर फक्त एक ट्रोम्बोन होता, त्याने ऐकून घेतलं. आता तुला सांगते आहे. माझं दूध चांगलं होतं, दादा. हे तू माझ्या बाजूने चारचौघांत म्हणायचं आहेस. आपल्या चुलत्यांसमोर, आपल्या मावशीसमोर, जिथे जिथे माझा विषय निघाल्यावर चहा टाकायला उठतात, तिथे तू उठू द्यायचं नाहीस. तुला काही करायचंच असेल तर हे कर. स्वतःला कोसत बसण्यापेक्षा ते जड आहे, म्हणून सांगते.

आणि ट्रंपेट विकायचा वगैरे विचार मनात आला असेल, मी तुला ओळखते, तर तो काढून टाक. एक तर त्याचा दुसरा व्हॉल्व्ह अडकतो, माझ्याशिवाय कुणी नीट करणार नाही. दुसरं, ती धून तुला वाजवायची आहे. दाराबाहेरून वाजव, जिन्यातून वाजव, पोरीला ऐकू जाईल.

सूनबाईचा काल फोन आला होता. खपली कधी पडते ते ती विचारत होती. मोठ्या काळजीनं विचारत होती, जणू घरात पहिला दात यायचाय. पडली की कळव, मग हात धुऊन, मास्क लावून, शिट्टीला मांडीवर घे. पापा दोन-तीन महिन्यांनी, तोही पायाच्या तळव्याचा. तेवढ्यावर समाधान मान, माझ्याकडे तेवढंही नाही.

मांडीवर घेतलीस की तुला रडू येणार, ते मला माहीत आहे. जाताना जादाचे दोन-तीन मास्क खिशात ठेव. भिजलेला मास्क चालत नाही, असं सूनबाई म्हणते.

ठिणगी